नव्या स्पायडर-मॅन कार्टूनमध्ये डेअरडेव्हिलला चित्रपटातल्याच नटाचा आवाज आहे. मग ही मालिका चित्रपटांच्या कथेचाच भाग मानायची का?

माझे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे, पण आपला तर्क निराधार नाही. 'युवर फ्रेंडली नेबरहुड स्पायडर-मॅन' ही मालिका २९ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली आणि तिच्यात डेअरडेव्हिलला चार्ली कॉक्स यांनी आवाज दिला. हेच कॉक्स २०१५ पासून ती भूमिका पडद्यावर करत आले आहेत आणि २०२१ च्या 'नो वे होम' या स्पायडर-मॅन चित्रपटातही मॅट मर्डॉक (डेअरडेव्हिलचे खरे नाव) म्हणून तेच दिसले. नट एक, पात्र एक, निर्माती कंपनीही एक, मार्व्हल. त्यामुळे कथाही एकच असणार, असे कोणत्याही चाहत्याला वाटणे स्वाभाविक आहे. आपला दुसरा प्रश्न असा आहे, की याच न्यायाने पुढे डेअरडेव्हिलचा शत्रू किंगपिन याला, पडद्यावर ती भूमिका करणारे व्हिन्सेंट डोनोफ्रिओ आवाज देतील का. त्याकडे मी शेवटी येतो. (पहिले पर्व पाहिले नसेल तर पुढे कथेतील काही गोष्टी उघड होतील.)

कथा कोठे वेगळी होते, ते मालिकेने पहिल्याच भागात दाखवले आहे. चित्रपटांमधला पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन, मिडटाउन या शाळेत शिकतो आणि त्याची सगळी मित्रमंडळी तेथलीच आहे. कार्टूनमधला पीटर त्याच शाळेत पहिल्या दिवशी जायला निघतो, तेवढ्यात जादूगार डॉक्टर स्ट्रेंज एका परग्रहीय प्राण्याशी लढत तेथे येऊन धडकतात, इमारतीची मोडतोड होते, त्याच गोंधळात पीटरला कोळी चावतो आणि पुढे त्याला दुसऱ्याच शाळेत प्रवेश घ्यावा लागतो. शाळा बदलली म्हणून मित्र बदलले. चित्रपटांतला जिवलग मित्र नेड याच्या जागी निको मिनोरू आली, आणि या चित्रपटांत तोवर न दिसलेला लॉनी लिंकन त्याच्या आयुष्यात आला.

त्याहून महत्त्वाचे दृश्य दिवाणखान्याचे आहे. २०१६ च्या 'सिव्हिल वॉर' चित्रपटात पीटर कुणीतरी टाकून दिलेला डीव्हीडी प्लेअर हातात घेऊन घरी येतो, आणि सोफ्यावर मे काकूंच्या शेजारी टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, बसलेले असतात. कार्टूनमध्ये पीटर तसाच घरी येतो, काकूही तशाच पाहुण्याशी बोलत असतात, पण पाहुणा नॉर्मन ऑस्बॉर्न असतो. ज्याला आपण आजवर ग्रीन गॉब्लिन हा खलनायक म्हणून ओळखत आलो तो माणूस येथे मार्गदर्शक होतो, ऑस्कॉर्प या आपल्या कंपनीत पीटरला काम देतो आणि त्याचे गुपित कळल्यावर त्याला नवे पोशाखही पुरवतो. हे दृश्य जाणीवपूर्वक समोरासमोर ठेवलेले आहे. चित्रपट आठवत असलेल्या प्रेक्षकालाच त्याचा धक्का बसावा, अशी त्याची रचना आहे, आणि माझ्या मते संपूर्ण पर्वातील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला क्षण तोच आहे.

गोंधळ का झाला, हेही सांगायला हवे. २०२१ मध्ये या मालिकेची घोषणा झाली तेव्हा तिचे नाव 'फ्रेशमन इयर' होते, आणि चित्रपटांत टॉम हॉलंड यांनी साकारलेल्या पीटरची आधीची हकीकत तीत येणार, असा तेव्हा सर्वांचा समज झाला होता. कॉक्स यांचे नाव २०२२ च्या सॅन दिएगो कॉमिक-कॉनमध्ये जाहीर झाले. नंतर नाव बदलले आणि ही वेगळ्या टाइमलाइनची कथा असल्याचे स्पष्ट झाले. तरी पहिल्या घोषणेवर बांधलेले तर्क आजही फिरत आहेत.

एकाच नटाने दोन वेगळ्या विश्वांत तेच पात्र करणे या क्षेत्रात नवे नाही. जे. के. सिमन्स यांनी २००२, २००४ आणि २००७ च्या तीन चित्रपटांत जे. जोना जेम्सन हा संपादक रंगवला. २०१९ च्या 'फार फ्रॉम होम'मध्ये तेच सिमन्स त्याच नावाने परत आले, पण डोक्यावरचे ताठ उभे केस जाऊन टक्कल आले होते आणि छापील 'डेली बगल'च्या जागी इंटरनेटवरची वृत्तसंस्था आली होती. चेहरा, आवाज आणि नाव तेच असूनही तो जेम्सन वेगळ्या विश्वातला होता. केविन कॉनरॉय यांचे उदाहरण तर याहून मोठे आहे. १९९२ च्या बॅटमॅन कार्टूनपासून त्यांचा आवाज म्हणजेच बॅटमॅन असे समीकरण झाले. २००९ मध्ये सुरू झालेल्या 'आर्कम' व्हिडिओ गेम्समध्ये त्यांनी पुन्हा तोच आवाज दिला, आणि त्या गेम्सची कथा कार्टूनपासून पूर्णपणे स्वतंत्र आहे. २०१९ मध्ये तर ते एका दूरचित्रवाणी मालिकेत प्रत्यक्ष ब्रूस वेन म्हणून दिसले, तेही तिसऱ्याच विश्वातले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा चाहत्यांनी या तीनही बॅटमॅनना एकाच माणसाच्या आठवणीत सामावून घेतले, आणि ते योग्यच होते. पण म्हणून त्या तीन कथा एक झाल्या नाहीत.

मी आरमोरी तालुक्यातील एका गावात राहतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या भागाच्या, प्रेक्षकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगावी प्रयोग करतात; मागच्या महिन्यात शेजारच्या गावात शंकरपटाच्या रात्री जो नट व्यसनी बाप झाला होता, तोच आमच्या गावच्या मंडपात दुसऱ्या नाटकात पुन्हा बाप म्हणून उभा राहतो, तसाच खोकतो, तशीच हाक मारतो. लोक नटाचे नाव भित्तिपत्रकावर वाचून तिकीट काढतात आणि त्याच्या पहिल्या वाक्यालाच टाळ्या देतात. पण मागच्या नाटकातली मुलगी या नाटकात का नाही, असे पहाटेपर्यंत बसलेल्यांपैकी कुणीही विचारत नाही.

याच्या उलट बाजूने पाहायचे असेल तर 'एक्स-मेन ९७' हे मार्व्हलचेच कार्टून पाहावे. १९९२ ते १९९७ या काळात ७६ भाग चाललेल्या जुन्या मालिकेची ती थेट पुढची कथा आहे. प्रोफेसर झेव्हियर पृथ्वी सोडून गेले तेथूनच ती मार्च २०२४ मध्ये पुढे सुरू झाली. आता त्यातील आवाज पाहा. वुल्व्हरिनला कॅल डॉड, रोगला लेनोर झॅन, स्टॉर्मला अ‍ॅलिसन सीली-स्मिथ हे जुनेच कलाकार आहेत. परंतु सायक्लॉप्सचे जुने कलाकार नॉर्म स्पेन्सर आणि मॅग्नेटोचे डेव्हिड हेम्ब्लेन हे दोघेही २०२० मध्ये वारले, म्हणून त्या भूमिका अनुक्रमे रे चेस आणि मॅथ्यू वॉटरसन यांच्याकडे गेल्या. ख्रिस पॉटर जुन्या मालिकेत गॅम्बिट होते. नव्या मालिकेत ते केबलला आवाज देतात आणि गॅम्बिट ए. जे. लोकॅसिओ करतात. जीन ग्रेचा जुना आवाज असलेल्या कॅथरिन डिशर यांच्याकडे आता व्हॅलरी कूपरची भूमिका आहे. आवाज हाच कथेच्या सातत्याचा पुरावा मानला, तर पॉटर यांच्यामुळे केबललाच पूर्वीचा गॅम्बिट मानावे लागेल. तसे कुणी मानत नाही.

याच मालिकेत एक अपवाद फार सुंदर आहे. जुन्या ज्युबिलीला आवाज देणाऱ्या अ‍ॅलिसन कोर्ट यांनी ती भूमिका आशियाई वंशाच्या कलाकाराला मिळावी म्हणून सोडली, आणि होली चाऊ नव्या ज्युबिली झाल्या. पण ज्या भागात ज्युबिलीला तिचेच वयाने मोठे झालेले रूप भेटते, त्या रूपाला आवाज कोर्ट यांचा आहे. तेथे कलाकाराची निवड खरोखर कथेचा अर्थ सांगते, कारण ती वयाची आणि काळाची गोष्ट आहे. जुनी मालिका न पाहिलेल्या मुलांना त्यातले काही कळणार नाही, पण ज्यांनी ती लहानपणी पाहिली असेल त्यांना तो आवाज ऐकताना काय वाटले असेल, ते मला लिहून दाखवता येणार नाही.

आपला तर्क जेथे खरोखर लागू पडतो ते ठिकाण म्हणजे डीसी या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीचे नवे विश्व. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'क्रीचर कमांडोज' या कार्टूनबाबत त्या विश्वाचे सूत्रधार जेम्स गन यांनी आधीच सांगितले होते, की कार्टूनमध्ये आवाज देणारा नटच पुढे चित्रपटांत ते पात्र करील. त्याप्रमाणे रिक फ्लॅग सीनियरला आवाज देणारे फ्रँक ग्रिलो २०२५ च्या 'सुपरमॅन'मध्ये त्याच भूमिकेत दिसले. येथे नट सातत्याची खूण ठरतो, कारण निर्मात्यांनी तसा नियम स्वतःच जाहीर केला आहे. मार्व्हलने असा नियम कधी केला नाही. उलट २०२१ च्या 'व्हॉट इफ' मालिकेत चित्रपटांतील कितीतरी नटांनी आपापल्या पात्रांना आवाज दिले आणि प्रत्येक कथा वेगळ्याच विश्वात घडली. नव्या मालिकेत पीटरला आवाज देणारे हडसन थेम्स हेसुद्धा आधी 'व्हॉट इफ'मध्येच पीटर झाले होते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या प्रेक्षकांसाठी महत्त्वाची आहे. येथे बहुतेक मुले हे सारे मोबाइलवर, मिळाले तर हिंदी डबिंगमध्ये पाहतात, म्हणजे मूळ नटाच्या आवाजाची खूण त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. २०२३ चा 'अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला, त्यांत मराठीही होती, आणि हिंदी व पंजाबीत त्यातल्या भारतीय स्पायडर-मॅनला, पवित्र प्रभाकरला, क्रिकेटपटू शुभमन गिल यांनी आवाज दिला. तरी ती कथा ज्याला समजायची त्याला समजली. जे सातत्य डबिंगमध्ये हरवते ते कथेचे सातत्य नव्हतेच, असे मी मानतो, आणि दिवाणखान्यातला तो पाहुणा मात्र कोणत्याही भाषेत नॉर्मन ऑस्बॉर्नच राहतो.

आता किंगपिनविषयी. तो या मालिकेत आला, तर डोनोफ्रिओ यांना बोलावले जाण्याची शक्यता मला चांगली वाटते, कारण कॉक्स यांच्यासमोर त्यांचाच आवाज प्रेक्षकाला हवा असेल. पण त्यातून चित्रपटांशी नाते सिद्ध होणार नाही. मला स्वतःला दुसऱ्या पर्वात त्याहून अधिक उत्सुकता रिचर्ड पार्कर यांची आहे. पहिल्या पर्वाच्या अखेरीस मे काकू तुरुंगात जाऊन ज्यांना भेटतात ते पीटरचे वडील जिवंत आहेत आणि पीटरला त्याचा पत्ता नाही. चित्रपटांच्या पीटरजवळ हा धागाच नाही, त्यामुळे पुढची कथा कोठे जाईल हे कोणत्याही नटाच्या नावावरून ओळखता येणार नाही. काकूंनी हे इतकी वर्षे का लपवले, याचे उत्तर मालिकेला द्यावेच लागेल, आणि तर्क करायचाच असेल तर आपण तेथून सुरुवात करावी, असे मी सुचवीन.