समुद्रघोड्याच्या शेपटीचं टोक पांढरं पडून सोलतंय, टाकीत कोणतं औषध टाकू?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी, दोन समुद्रघोडे आणि एक पाईपफिश (त्यांच्याच कुळातला नळीसारख्या तोंडाचा मासा), पाणी २९ अंशांवर, एका घोड्याची शेपटी सोलतेय आणि दुकानदाराने दिलेली पिवळी पावडर टाकू का?

त्या टाकीत तर अजिबात टाकू नका. जंतूंवरचं औषध फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही मारतं. मग शेपटी राहते बाजूला आणि मासा अमोनियाने जातो.

मी आखातात एका मत्स्यालयात याच कुळाच्या टाक्या काही वर्षं सांभाळल्या, आता कोथरूडला असतो. वर्णनावरून हा व्हिब्रिओ वाटतोय, कॉलऱ्याच्या जंतूचा चुलतभाऊ. खाऱ्या पाण्यात तो असतोच. पाणी तापलं आणि खाली अन्न कुजलं की त्याचं फावतं. घोड्याला खवले नसतात, हाडांच्या कड्यांवर नुसती कातडी. त्यात शेपटीने कशाला तरी धरून बसायची सवय, म्हणून ओरखडे तिथेच पडतात. पाईपफिशचं तोंडही रोज बघा. नळीच्या टोकाला लालसर कड दिसली तर थांबू नका, तोंड सुजलं की त्याला खाणं ओढता येत नाही.

पहिलं काम पाणी थंड करायचं. आजारी घोडा वेगळ्या छोट्या टाकीत घ्या आणि रोज एखादा अंश उतरवत २२-२३ वर आणा. चिलर नसेल तर पाण्यावर पंखा सोडा. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्याचा एवढा एकच फायदा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईच्या दमट हवेत हे जमत नाही. फक्त उडालेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्याने भरून काढा, नाहीतर खारटपणा चढतो. गुरुवारी वीज गेली तर बर्फाच्या बंद बाटल्या आलटून पालटून सोडा.

दुसरं खाणं. घोड्याला जठर नसतं. खाल्लेलं झटपट पुढे सरकतं, म्हणून थोडं थोडं पण बऱ्याचदा द्यावं लागतं, आणि उरलेलं तळाशी कुजतं. जिवंत आर्टेमिया (माशांना खाऊ घालायचे कोळंबीसारखे बारीक जीव) घरी अंड्यांतून उबवत असाल तर माझा नंबर एकचा संशय त्या बरणीवर. अंडं फुटताना त्यातून ग्लिसरॉल पाण्यात उतरतं आणि उबदार पाण्यात व्हिब्रिओ त्यावर पोसतो. आमच्याकडे नव्या पोराने एकदा बरणी तशीच टाकीत ओतली. बरणीतलं पाणी चहासारखं तपकिरी, वर फेस, वास आंबूस. त्याच आठवड्यात तीन घोडे गेले. पिल्लं बारीक गाळणीत घ्या, स्वच्छ खाऱ्या पाण्याने चांगली धुवा, मगच द्या. तासाभराने उरलेलं पिचकारीने ओढून काढा.

औषध तिसरं, आणि तेही वेगळ्या टाकीतच, माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारून. शक्य असेल तर जखमेचा स्वॅब घ्यायला सांगा. कॉलऱ्यासाठी वापरतात त्याच टीसीबीएस माध्यमावर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या जेलीवर, हा वाढतो, पिवळ्या किंवा हिरव्या ठिपक्यांनी. त्यावरून कुठलं औषध लागू पडेल तेही तपासता येतं. अर्धवट डोस देऊन सोडलंत तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

घोडा खात असूनही वाळत चालला असेल, अंगावर गाठी असतील, तर तो मायकोबॅक्टेरियम, म्हणजे क्षयाच्या जंतूचा नातेवाईक, असू शकतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही, आणि तो हाताच्या जखमेतून माणसालाही लागतो. बोटावर गाठ येते ती काही महिने औषधं घेतल्यावर जाते. बोट कापलेलं असेल तर हातमोजे घातल्याशिवाय टाकीत हात घालू नका.

विचारलं नाहीत तरी सांगतो. समुद्रघोडे आणि पाईपफिश हे अख्खं कुळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, घातलं गेलं. दुकानदाराने कागद दिले नसतील तर 'जोडीला अजून एक' आणायला जाऊ नका, आणि आहेत त्यांचं काय करायचं ते वनविभागाला विचारा.

शेपटीचा उजेडातला फोटो आणि अमोनियाचा आकडा टाका. सोलणं कितव्या कड्यापर्यंत चढलंय तेही मोजून लिहा.