वडिलांना जांघेत हर्निया आहे, पण दुखत नाही. ऑपरेशन करावंच लागेल का? नंतर त्रास राहतो का?

लगेच करायलाच हवं असं नाही. उत्तर अमेरिकेत अशाच, त्रास नसलेल्या किंवा अगदी थोडा त्रास असलेल्या 720 पुरुषांवर अभ्यास झाला, 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांत दुखण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, आणि हर्नियाच्या गाठीत आतडं अचानक अडकण्याचा प्रसंग हजारात वर्षाला दोनाहून कमी जणांवर आला. मात्र दहा वर्षांत थांबलेल्यांपैकी सुमारे 68 टक्के लोक शेवटी टेबलावर गेलेच, बहुतेक दुखू लागलं म्हणून. म्हणजे बहुतेकांचं ऑपरेशन टळत नाही, लांबतं.

नंतरच्या त्रासाबद्दल डॉक्टर घाईत बोलतात, म्हणून मुद्दाम विचारा. हर्निया परत येण्याची भीती सगळ्यांना असते, पण ऑपरेशनात आतून आधाराची जाळी बसवायला लागल्यापासून ते बरंच कमी झालंय. खरा प्रश्न रेंगाळणाऱ्या दुखण्याचा. साधारण दहातल्या एकाला तीन महिन्यांनंतरही काहीतरी जाणवत राहतं: मांडी घालून उठताना ओढ, खोकताना कळ, कधी नुसता बधिरपणा. रोजची कामं अडतील इतकं दुखणं त्यातल्या थोड्यांनाच. दुर्बिणीच्या ऑपरेशनात हे प्रमाण कमी, पण सर्जनचा हात बसलेला हवा.

बाईमाणसाला हे 'थांबून पाहू' लागू नाही, त्यांच्यात अडकण्याचा धोका जास्त. आणि गाठ कडक होऊन आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.