संशोधन की दुरुस्ती?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न: विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर 'संशोधन आणि नाविन्यता' लिहिलं, तर हिंदीच्या सरांनी 'संशोधन म्हणजे दुरुस्ती' म्हणून हटकलं. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. मूळ धातू शुध्, म्हणजे शुद्ध करणं. हिंदीने तो अर्थ धरून ठेवला, म्हणून तिकडे संविधानात 'संशोधन' होतं. आपण घटनादुरुस्ती म्हणतो, कन्नडमध्ये तिद्दुपडी. पण रिसर्चला कन्नडमध्येही 'संशोधने'च. तेव्हा बाई, शाळेतल्या तीन भाषांपैकी दोन तुमच्या बाजूच्या.

'नाविन्यता' मात्र खोडा. नवीनचं नावीन्य झालं की भाववाचक नाम पुरं झालं. वर 'ता' लावणं म्हणजे 'सौंदर्यता'. कन्नडमधलं 'नावीन्यते' कानावर असल्यामुळे आपल्याला ते खटकत नाही, एवढंच. महाराष्ट्र सरकारही लिहितं, पण म्हणून ते बरोबर होत नाही.

खरी गोम 'शोध'मध्ये आहे. रेडियमचा शोध आणि वाफेच्या इंजिनाचाही शोधच! एक होतं ते सापडलं, दुसरं नव्हतं ते घडवलं. हिंदीत दुसऱ्याला 'आविष्कार' आहे. आपल्याकडे तो गाण्या-नाचण्याकडे गेला. एकाच शब्दात दोन्ही कोंबल्यामुळे मुलांना वाटतं, आधी संशोधन आणि मग त्यातून यंत्र. रेडिओचं तसं झालं खरं: हर्ट्झने लहरी दाखवल्या १८८८च्या सुमारास, मार्कोनीचा पेटंटचा अर्ज १८९६चा. इंजिनाचं उलटं. वॉटचं पेटंट १७६९चं, आणि उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम मिळेल याचा हिशेब कार्नोने मांडला १८२४ साली.

आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर? १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. असा नांगर विलायतेत आधीच होता, म्हणजे हा शोध नव्हे. तरी लोखंडाने जमीन विषारी होते असं मानणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात तो देणं ही काही लहान गोष्ट नव्हती.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझा एक शाळूसोबती पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, करतो. एका कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, सारखी हवेची भोकं पडत होती, तर त्याने साच्यात वाफ निघायला जास्तीची वाट ठेवली. मी म्हटलं, हा तुझा शोध. तर म्हणाला, "शोध कसला बे, करता करता सुचलं की."

शोध लागतो, शोध लावतात, हे 'सुचलं'. त्याला 'नवोपक्रम' म्हणतात, पण तो शब्द मला परिपत्रकातला वाटतो. मी तक्त्यावर 'संशोधन आणि सुधारणा' लिहीन. हिंदीच्या सरांना मात्र ते 'दुरुस्ती आणि दुरुस्ती' दिसेल.