जर्मन पार्टी हिस्सा घेतेय? आधी प्लॉट कुणाच्या नावावर आहे ते बघा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि मला माझे जुने दिवस आठवले. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचं युनिट, जर्मन खरेदीदार हिस्सा घ्यायला तयार, आणि तुम्ही विचारताय की सबसिडीचा आकडा किती दाखवू. मीही आधी तोच आकडा दाखवला होता. माझ्याकडे आलेल्या परदेशी पार्टीच्या माणसाने ते पान नुसतं उलटलं आणि उठून डाईंगमध्ये, म्हणजे रंगाईच्या खात्यात गेला. तिथे बॅरलवर खडूने पाण्याच्या टँकरच्या तारखा लिहिलेल्या होत्या. त्याचा फोटो काढून म्हणाला, उन्हाळ्यात किती दिवस मशीन बंद असतं? उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात असून हे उत्तर देताना जीभ जड झाली.

पाणी, वीज, सांडपाण्याची परवानगी, हाताशी कसलेले कामगार, एवढं परदेशी गुंतवणूकदार बघतो. म्हणून परदेशी गुंतवणूक पुणे-चाकणला जाते, तिथे पुरवठादार आधीच बसलेत. आपल्याकडे कारागीर आहेत, सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, माल वर्षानुवर्षं बाहेर जातोय. हे बळ आधी मांडा.

मला बुडवलं ते कागदांनी. भागीदारी फर्मची प्रायव्हेट लिमिटेड केली, पण प्लॉटचा लीज जुन्या फर्मच्याच नावावर राहिला. त्यांच्या वकिलाने पहिल्याच आठवड्यात ते पकडलं. नावबदलासाठी मी एका कार्यालयात अर्ज दिला आणि सात महिने फाईल टेबलावरून हलली नाही. दर वेळी नवी त्रुटी, तीही तोंडी. लेखी द्या म्हटलं की साहेब मीटिंगला. आठव्या महिन्यात पार्टीने नम्रपणे नकार कळवला. तेव्हा नवे लूम घ्यायचे ठरले होते, चाळीस घरांना काम मिळालं असतं. अजून राग जात नाही.

मी सीए नाही, तुमच्या सीएला विचाराच. पण टेक्सटाईलमध्ये १०० टक्के परदेशी हिस्सा ऑटोमॅटिक रूटने चालतो, दिल्लीची आधी परवानगी लागत नाही. पैसे आल्यावर ६० दिवसांत शेअर्स द्यावे लागतात आणि त्यानंतर ३० दिवसांत एफसी-जीपीआर (शेअर्स दिल्याचं रिझर्व्ह बँकेला कळवायचा फॉर्म) भरावा लागतो, उशीर झाला की लेट फी. शेअरच्या किमतीचं व्हॅल्युएशन सर्टिफिकेट आधीच करून ठेवा.

आणि प्रत्येक अर्जाची आवक नंबर टाकलेली पोच घ्या. मी पहिले तीन अर्ज नुसते हातात देऊन आलो होतो.