2021 ची की 2019 ची? आधी हेडलाइट उघडून बघा

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. मी जत तालुक्यातला दूध उत्पादक. रोज सकाळ-संध्याकाळ वीस-वीस लिटरचे दोन कॅन लावून साडेपाच किलोमीटरवरच्या संकलन केंद्रावर जातो. सकाळचं दूध घालून आलो की हीच गाडी मुलगी कॉलेजला नेणार. जुनी स्प्लेंडर प्लस घ्यायचं ठरवलंय आणि दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक गाडी मे 2019 ची, बीएस फोर, शेजारच्या गावातल्या गुरुजींची. एकच मालक, मीटरवर 31 हजार 400, 42 हजार म्हणतात. दुसरी मार्च 2021 ची, बीएस सिक्स, सांगलीतल्या एका दलालाकडं. दुसरा मालक, मीटरवर 19 हजार फक्त, 54 हजार सांगतोय. ही दिसायला एकदम नवीकोरी. गुरुजींच्या गाडीच्या टाकीला पोचा आहे आणि सीट फाटलंय. धाकटा भाऊ म्हणतो, दोन वर्षं नवी गाडी हातची सोडू नका. दोन्हींचे फोटो जोडलेत. काय करू?

उत्तर : दादा, तुमचे फोटो मी मोठे करून करून बघितले आणि सांगलीच्या गाडीच्या एका फोटोपाशी थांबलो. गाडी साइड स्टँडवर आहे, फोटो जरा खालून काढलाय. इंजिनखालचा चेसिसचा पाइप त्यात दिसतो. त्याला ताजा काळा रंग दिलाय, आणि त्या रंगाचा एक ओघळ नटावर येऊन सुकलाय. कारखान्याच्या रंगाला ओघळ नसतो. जुन्या गाडीला खालून, कुणाला दिसणार नाही तिथं, हौसेनं कोण रंग देतं? त्याच फोटोत फूटरेस्टचं रबर आहे. त्यावरच्या रेघा पार घासून गुळगुळीत झाल्यात, आणि मागच्या ब्रेकच्या पेडलची कड पांढरी पडलीय. 19 हजार किलोमीटरला असं होत नाही.

तरी आधी भावाचं बोलतो, कारण त्याचं म्हणणं वाऱ्यावरचं नाही. स्प्लेंडरच्या बाबतीत 2019 आणि 2021 यांच्यात नुसती दोन वर्षं नाहीत, मध्ये 1 एप्रिल 2020 आहे. त्या दिवसापासून धुरातल्या प्रदूषणाचा बीएस सिक्स हा नियम लागू झाला, त्याआधी बीएस फोर होता. स्प्लेंडरचा कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. इंजिन तेच 97.2 सीसीचं, पण पेट्रोल किती सोडायचं ते आता सेन्सर बघून ठरतं. चोक ओढायची भानगड नाही, थंडीत पहाटे पाचला एका बटणात गाडी धरते. मुलीच्या हातात द्यायची म्हटल्यावर हा फायदा लहान नाही.

दुसरी बाजूही ऐका. या गाडीला पेट्रोल कॉक नाही, म्हणजे रिझर्व्हवर टाकायची सोय नाही. पंप टाकीत असतो आणि पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, त्यामुळं रोज काटा तळाला नेऊन चालवणाऱ्याचा पंप लवकर जातो. बॅटरी पार मेली तर किक मारून पाय दुखेल, गाडी सुरू होणार नाही, कारण पंपाला करंटच नाही. कार्ब्युरेटरची गाडी उतरलेल्या बॅटरीवरही किकनं बहुतेकदा धरते. वाडीवस्तीवर राहणाऱ्या माणसाला याचं मोल मी वेगळं सांगायला नको.

तुमच्या कॅनचंही बघू. चाळीस लिटर दूध म्हणजे दुधाचंच एक्केचाळीस किलो, वर कॅनचं वजन. दोन्ही इंजिनांचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, कागदावर सारखाच, 8.05 न्यूटन मीटर, पण बीएस फोरमध्ये तो इंजिनाच्या मिनिटाला 5000 फेऱ्यांना मिळतो आणि बीएस सिक्समध्ये 6000 ला. पॉवरही 8.36 पीएसवरून 8.02 वर आली. एकटा माणूस डांबरी रस्त्यानं जातो तेव्हा हे जाणवत नाही. मागं भरलेले कॅन, समोर मुरमाचा चढ आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला असली की जाणवतं. बीएस फोर तिथं कमी रेसवर ओढते.

बाकी गोष्टींत दोघी बहिणी आहेत. दोन्ही एप्रिल 2019 नंतरच्या, म्हणून मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो ती सोय दोघींना हवी, आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही शोरूमपासूनच हवी. इथेनॉलवरून कुणी घाबरवलं तर दोघींना सारखंच लागू आहे. वीस टक्के इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या-रबर घालून गाड्या बनू लागल्या त्या एप्रिल 2023 पासून. तुमची गाडी रोज चालणार, टाकीत पेट्रोल पडून राहणार नाही, तेव्हा त्याचा घोर नको.

आता त्या ओघळाकडं येतो. त्या रंगाखाली पुराच्या पाण्याचा गंज झाकलाय, असा माझा संशय आहे.

माझं गॅरेज सांगलीत, मारुती चौकापासून हाकेच्या अंतरावर. 2005, 2019 आणि 2021, तीन वेळा कृष्णेचं पाणी माझ्या दुकानात आलंय. आयर्विन पुलाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं, जुलै 2021 मध्ये 54 फुटांच्या पुढं. दोन्ही वेळा कितीतरी गाड्या पार्किंगमध्ये उभ्याच्या उभ्या बुडाल्या. माणसं जीव वाचवायला बाहेर पडली, गाड्या कोण काढणार? त्यातल्या बऱ्याच गाड्या पुढं धुऊन-पुसून दुसऱ्या तालुक्यांत विकल्या गेल्या. तुमची सांगलीची गाडी मार्च 2021 ची. म्हणजे पूर आला तेव्हा ती चार महिन्यांची होती. आणि एमएच 10 हा नंबर तेव्हा जतलाही तोच होता, सांगलीलाही तोच. पाटी बघून काही कळत नाही, पहिल्या मालकाचं घर कुठं होतं ते कळायला हवं.

हे मी ठेच खाऊन शिकलोय. 2020 च्या दिवाळीत माझ्या भाच्यानं अशीच एक 2019 ची गाडी दाखवायला आणली. मी इंजिनाचा आवाज ऐकला, धूर बघितला, एक चक्कर मारली आणि घे म्हणालो. मीटर-लाइट सगळं चालू होतं. तीन महिन्यांत हॉर्न गेला, मग इंडिकेटर, मग रात्री वळणावर हेडलाइट विझायला लागला. तेव्हा कुठं मी हेडलाइटचा डोम उघडला. तळाला बोटभर गाळ बसला होता, सुकून भेगाळलेला, शेतातल्या चिखलपोपड्यासारखा. वायरी जोडणाऱ्या कपलरच्या पिना हिरव्यागार. अख्खी वायरिंग बदलली, ती मी माझ्या पैशानं बदलली. पण कामावर त्याचे जे खाडे झाले ते कुठून भरून देणार? दोन स्क्रू काढायचा आळस मला भोवला असं म्हणणंही कमीच आहे, तो त्या पोराला भोवला. तेव्हापासून हेडलाइट उघडल्याशिवाय मी कुणालाही घे म्हणत नाही.

ती तर कार्ब्युरेटरची गाडी होती. इंजेक्शनच्या गाडीत कंट्रोल युनिट आहे, सेन्सर आहेत, त्यांना जोडणारे कपलर आहेत. पाणी एकदा आत गेलं की पिना सावकाश खात राहते. सहा महिने गाडी नीट चालेल आणि मग एक दिवस भर रस्त्यात बंद पडेल.

म्हणून विसार द्यायच्या आधी दिवसाउजेडी जा आणि दलालासमोर हेडलाइट उघडायला लावा. सील तुटेल म्हणाला तर ऐकू नका, हेडलाइटला कसलं सील नसतं. मग साइड कव्हर काढा, सीट काढा, बॅटरीच्या खोक्याचे कोपरे बोटानं चाचपा. एअर फिल्टरच्या डब्याचा तळ बघा. गाडी किती वेळा धुतली तरी तिथं सहसा कुणाचा हात पोचत नाही. एखादा कपलर सोडून पिना बघा. इंजिन ऑइलच्या पट्टीवर दुधाळ चहासारखा रंग दिसला तर आत पाणी आहे, पण ऑइल स्वच्छ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ऑइल बदलायला दहा मिनिटं लागतात. चावी फिरवल्यावर पंपाचा बारीक घूं आवाज यायला हवा आणि इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागून, गाडी सुरू झाली की विझायला हवा. तो दिवा मुळात लागतच नसेल तर तो दिसू नये अशी सोय कुणीतरी केलीय.

कागदातही एक खूण सापडते, ती फारसं कुणी बघत नाही. नव्या गाडीला पहिल्या वर्षी गाडीच्या नुकसानीचाही विमा असतो. जुलै 2021 मध्ये क्लेम घेतला असेल तर 2022 च्या पॉलिसीत नो क्लेम बोनस शून्य दिसेल. क्लेम नसेल तर तिथं 20 टक्के असतो. पुढच्या वर्षी नुसता थर्ड पार्टीच ठेवला असेल तर ही खूण मिळणार नाही. तरी पहिली पॉलिसी मागाच, तिच्यावर पहिल्या मालकाचा पत्ता असतो.

19 हजारांच्या आकड्याचं तुम्हीच ठरवा. स्प्लेंडरचं मीटर केबलवर चालतं. केबल सोडून ठेवली की गाडी पळते आणि आकडा जागेवर राहतो. पायाखालचं रबर मात्र झिजायचं ते झिजतंच. उलट गुरुजींच्या आकड्याचा हिशोब बघा. तुम्ही लिहिलंय तसं ती शेजारच्या गावातली गाडी. त्यांना शाळा किती लांब ते विचारा. जाऊन-येऊन अठरा-वीस किलोमीटर असेल तर शाळेच्या दिवसांत वर्षाला चार-साडेचार हजार होतात. कोरोनात शाळा बंद होत्या ते वजा करा, बाजारहाट आणि लग्नकार्यं मिळवा. 31 हजार खरे वाटतात.

पण गुरुजींची आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका. गुरुजींना आधी न कळवता भल्या सकाळी जा आणि आधी इंजिनावर तळहात ठेवा. गार असेल तरच सुरू करायला सांगा. दहा मिनिटं फिरवून उतारावर गिअरमध्ये, रेस सोडून खाली या आणि मग रेस द्या. त्या क्षणी निळसर धुराचा लोट येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलंय, हा खर्च किरकोळ. रेस देत असताना धूर येतच राहिला तर बोअर-पिस्टनचं काम आहे, मग किंमत पाडा नाहीतर सोडा. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक धरून आडवं हलवा. खुळखुळलं तर स्विंग आर्मची बुश गेलीय, आणि कॅन लावणाऱ्याला ती आधी बदलावी लागते. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मध्यावर खटकन अडकलं तर बॉलरेसर, म्हणजे हँडलची बेअरिंग, गेलीय. टाकीचा पोचा कसा पडला ते सरळ विचारा. उभी गाडी कलंडली असेल तर काही नाही, चालत्या गाडीचा असेल तर पुढचे फोर्क वाकलेत का ते बघून घ्या. फाटक्या सीटचं मनावर घेऊ नका.

माझं मत विचाराल तर गुरुजींची गाडी घ्या. 42 वरून 39 पर्यंत बोलून बघा, उरलेल्या पैशांत चेन-सेट आणि मागचा टायर नवा होतो. सेल्फ नीट चालतो ना ते पाहा आणि चोक कधी ओढायचा, कधी सोडायचा ते मुलीला दोन सकाळी शिकवा. नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 गुरुजींच्या समक्ष सही करून घ्या आणि चौदा दिवसांच्या आत नोंद आणि विमा दोन्हींचं काम लावा. 2019 ला घेतलेला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा 2024 मध्ये संपलाय, पुढचा काढलाय का ते विचारा.

सांगलीच्या गाडीचा हेडलाइट स्वच्छ निघाला, पहिल्या मालकाचा पत्ता कुपवाडसारख्या पाणी न आलेल्या भागातला निघाला आणि आरसीवर फायनान्सचं नाव नसेल, तर भावाचं ऐकायला माझी हरकत नाही. तरी 54 हजार जास्त होतात, झिजलेलं रबर त्याला दाखवा आणि मग बोला. फायनान्सचं नाव असेल तर ते काढायचा फॉर्म 35 आणि फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

प्रश्न : मी चिपळूणचा. महिन्यातून चार-पाच वेळा कुंभार्ली घाटानं कराडला जातो. पल्सर 150 घ्यायचीय. 2018 ची कमी चाललेली आहे, 2019 ची एबीएसवाली सात हजारांनी महाग आणि जास्त चाललेली. कुठली घेऊ?

उत्तर : एबीएसची. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून ते सक्तीचं झालं, पल्सर 150 ला पुढच्या चाकाला आलं. घाटात पावसात शेवाळलेल्या वळणावर समोर अचानक ट्रक आला की माणूस ब्रेक आवळतोच, त्या वेळी पुढचं चाक लॉक होत नाही हे सात हजारांपेक्षा कितीतरी जास्त आहे. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालली की विझला पाहिजे. विझला नाही तर सेन्सर किंवा वायरिंगचा दोष आहे, तो काढून मिळेपर्यंत व्यवहार नको. आणि तुमच्याकडंही जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं होतं, दोन्ही गाड्या तेव्हा चिपळुणातच होत्या का ते विचारा. वर जतच्या दादांना सांगितलेले हेडलाइटचे दोन स्क्रू तुम्हीही काढा.