गाणी आणि सिनेमा दाखवून आशियाई लोकांविरुद्धचा द्वेष कमी होतो का?

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात, आशियाई वारसा महिन्यानिमित्त, तुमच्या मंडळातली तरुण मुलं इथल्या वंशद्वेषी हल्ल्यांवर गाण्यांचा आणि सिनेमाचा कार्यक्रम करायचं म्हणतायत. त्याने कुणाचं मन बदलतं का, की आपलं आपल्यालाच बरं वाटतं?

मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहते आणि माझं मत स्पष्ट आहे: कार्यक्रम जरूर करा. पण द्वेष करणारा माणूस तिकडे फिरकणार नाही, तेव्हा त्याचं मन वळवायचा हिशोब धरू नका. ज्याच्यावर हात उचलला गेला तो एकटा पडू नये आणि जे घडलं ते पुसलं जाऊ नये, एवढ्यासाठी करा. या दोन्ही बाबतीत मी कोर्टापेक्षा सिनेमावर जास्त भरवसा ठेवते, आणि याचं कारण आहे व्हिन्सेंट चिन.

जून 1982, डेट्रॉइट. मोटार कारखान्यांमधून माणसं कमी होत होती आणि सगळा राग जपानी गाड्यांवर निघत होता. व्हिन्सेंट चिन हा 27 वर्षांचा ड्राफ्ट्समन, लग्न तोंडावर आलेलं, मित्रांबरोबर पार्टीला गेला होता. तिथे क्रायस्लर या मोटार कंपनीतल्या रोनाल्ड एबेन्सशी बाचाबाची झाली. नंतर एबेन्स आणि त्याचा सावत्र मुलगा मायकल निट्झ यांनी त्याला शोधून गाठलं आणि बेसबॉलच्या बॅटने मारलं. चार दिवसांनी व्हिन्सेंट गेला. तो चिनी वंशाचा होता, जपानशी त्याचा काहीएक संबंध नव्हता. लग्नाला यायची ती माणसं अंत्यविधीला आली. आणि शिक्षा काय? तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंग नाही, नुसती देखरेख, आणि 3000 डॉलर दंड. पुढे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, खटल्यात एबेन्सला 25 वर्षांची शिक्षा झाली खरी, पण ती अपिलात रद्द झाली आणि 1987 मध्ये तो निर्दोष सुटला.

कोर्टाच्या दृष्टीने विषय संपला. क्रिस्टीन चॉय आणि रेने ताजिमा या दोघींनी तो संपू दिला नाही. त्यांच्या 'हू किल्ड व्हिन्सेंट चिन?' या माहितीपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि 2021 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत, त्याची नोंद झाली. जमलं तर हाच दाखवा. यात निवेदक नाही. एबेन्स स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून बोलतो, आणि इतक्या शांतपणे बोलतो की अंगावर काटा येतो. दुसरीकडे व्हिन्सेंटची आई लिली चिन, मोडक्यातोडक्या इंग्रजीत न्याय मागताना रडू आवरत नाही तिला. कोण खरं, कोण खोटं हे कुणीच सांगत नाही, ते आपल्यालाच ठरवावं लागतं. म्हणून बघून झाल्यावर माणसं लगेच उठत नाहीत, बोलायला लागतात. त्या बोलण्यासाठी निदान तासभर मोकळा ठेवा. मारहाणीची वर्णनं आणि शिव्या आहेत, तेव्हा प्रेक्षक हायस्कूलच्या पुढचेच असू द्या. हॉलमध्ये दाखवायचा तर परवानगी लागते, ती आधीच काढा.

गाण्याचं काम वेगळं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांचं कलापथक मैदानात उभं राहायचं ते समोर जमलेल्या कामगाराला बळ द्यायला. इथेही तसंच झालंय. क्रिस इजिमा, नोबुको मियामोतो आणि चार्ली चिन या तिघांनी 1973 मध्ये 'अ ग्रेन ऑफ सँड' हा अल्बम काढला, तो आशियाई अमेरिकन चळवळीचा पहिला अल्बम मानतात. आणि मुलांना जवळचा वाटेल तो 'द लिंडा लिंडाज' हा मुलींचा बँड. मे 2021 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात या मुलींनी गायलेलं गाणं जगभर पोचलं. ड्रम वाजवणारी मिला तेव्हा 10 वर्षांची होती. गाण्याआधी ती सांगते, लॉकडाऊनच्या थोडं आधी वर्गातला एक मुलगा म्हणाला, बाबांनी चिनी लोकांपासून लांब राहायला सांगितलंय. मी चिनी आहे म्हटल्यावर तो मागे सरकला. बस, एवढंच. मागे पुस्तकांची कपाटं, आणि पुढच्याच क्षणी ती जीव खाऊन ड्रम बडवते. वर्गात असं काही ऐकून घरी गप्प बसलेल्या मुलाला ही क्लिप दाखवाच.

आता आपल्याबद्दल. 'हे चिनी लोकांचं आहे, आपला काय संबंध' असं मंडळात कुणीतरी म्हणेलच. त्यांना 1987 ची जर्सी सिटी सांगा. तिथे 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी उघडपणे भारतीयांच्या मागे लागली होती. हे नाव आपल्या बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून घेतलेलं. त्यांनी स्थानिक वर्तमानपत्राला धमकीचं पत्र पाठवलं आणि ते छापून आलं. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला जमावाने इतकं मारलं की तो वाचला नाही. तो पारशी होता, म्हणजे टिकली लावणाऱ्या हिंदूंपैकीही नव्हता. डेट्रॉइटमध्ये चिनी माणसाला जपानी ठरवणाऱ्यांनी कुठे चौकशी केली होती?

मी आमच्याकडच्या कॉलेजातल्या मुलांना विचारते तेव्हा व्हिन्सेंट चिन एखाद्याला तरी माहीत असतो, नवरोज मोदी कुणालाच नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून तुमच्या मुलांना एक काम सुचवते. तेव्हा जर्सी सिटीत राहणाऱ्या काकू-मावशी आता सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्या घरी जा, फोनवर का होईना पण नीट रेकॉर्ड करा. मराठीतच बोलू द्या, खाली इंग्रजी सबटायटल्स टाका. टिकली काढून बाहेर पडायच्या का, रात्री दुकान बंद करून घरी कशा यायच्या, पोलिसांकडे कोण गेलं होतं, असं बारीकसारीक विचारा. नाव किंवा चेहरा नको म्हणाल्या तर नुसता आवाज घ्या. कार्यक्रमात आधी चिनवरचा सिनेमा दाखवा आणि मग ही पंधरा-वीस मिनिटं. ग्रंथालयाचा हॉल मिळाला तर उत्तम, म्हणजे मंडळाबाहेरची चिनी, कोरियन, फिलिपिनो कुटुंबंही येतील. त्यांना आमंत्रण मात्र स्वतः जाऊन द्या.