वाचकांचे प्रश्न : मोठ्या पडद्याचा टीव्ही निवडताना

प्रश्न : सोफ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत सव्वादोन मीटर अंतर आहे. ५५ इंची घ्यावा की ६५ इंची? इतक्या जवळून मोठा पडदा पाहून डोळे बिघडतील, असं घरातल्यांचं म्हणणं आहे.

उत्तर : आधी अंतर पुन्हा मोजा, तेही डोळ्यांपासून काचेपर्यंत. बसल्यावर डोकं सोफ्याच्या पाठीच्या पुढे असतं, आणि टीव्हीही भिंतीपासून थोडा पुढे येतो. सव्वादोन मीटरचे प्रत्यक्षात दोन मीटर किंवा जरा जास्त उरतील. आता हिशेब सोपा आहे : पडद्याच्या कर्णाच्या साधारण १.२ ते १.६ पट अंतर सोयीचं पडतं. ५५ इंची पडद्याचा कर्ण १४० सेंमी, म्हणजे १७० ते २२५ सेंमी. ६५ इंचीचा कर्ण १६५ सेंमी, म्हणजे २०० ते २६५ सेंमी. तुमच्या खोलीत दोन्ही बसतात.

मग निकाल लावायचा तो तुम्ही काय पाहता त्यावर. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात. साध्या एसडी वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार. टीव्हीला एका मूळ ठिपक्यातून वीस ठिपके रचावे लागतात, आणि ती रचना जवळून डोळ्यात खुपते. घरात दिवसभर एसडी वाहिन्याच चालणार असतील तर ५५ इंची घ्या. चित्रपट, सामने आणि ४के स्ट्रीमिंग जास्त असेल तर ६५ इंची बेलाशक घ्या. ८केच्या नादी मात्र लागू नका. या अंतरावरून ४केचेच ठिपके सुटे दिसत नाहीत.

डोळ्यांचं म्हणाल, तर पडद्याच्या आकारामुळे ते बिघडत नाहीत. शिणतात ते मिट्ट अंधारात भगभगीत पडदा पाहिल्याने आणि एकटक बघताना पापण्या कमी लवल्याने. टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवा.

आणखी एक. ६५ इंची पडदा १४४ सेंमी रुंद आणि ८१ सेंमी उंच असतो. त्या मापाचे कागद जोडून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. टेबलावर ठेवणार असाल तर दोन पायांमधलं अंतर आधी विचारा. बऱ्याच मॉडेलचे पाय अगदी कडांना असतात आणि टेबल अपुरं पडतं.

प्रश्न : ओएलईडी, क्यूएलईडी, मिनी-एलईडी यांत नेमका फरक काय? आमच्या खोलीत मोठी खिडकी आहे आणि दोघे-तिघे बाजूच्या खुर्च्यांवर बसतात.

उत्तर : नावं पुष्कळ असली तरी घराणी दोनच. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. बाकी सगळे एलसीडी : पाठीमागे एलईडीचा उजेड आणि पुढे तो अडवणारा थर. क्यूएलईडी म्हणजे त्या उजेडात रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर घातलेला एलसीडीच. मिनी-एलईडीत मागचे दिवे खूप बारीक आणि शेकडो विभागांत वाटलेले असतात. अंधाऱ्या दृश्यात हवे तेवढेच विभाग मंद करता येतात.

म्हणून 'क्यूएलईडी' हा शब्द वाचून हुरळू नका. मागचा उजेड कुठून येतो ते विचारा. दिवे फक्त कडेला असतील, तर अंधाऱ्या प्रसंगात कोपरे राखाडी दिसतात आणि पांढरी अक्षरं आली की आजूबाजूला उजेडाचा पट्टा पसरतो. 'फुल अॅरे लोकल डिमिंग' (दिवे पूर्ण पाठीवर पसरलेले आणि विभागवार मंद होणारे) असेल तर किती विभाग, हेही विचारा. एचडीआर म्हणजे लख्ख उजेड आणि गडद काळोख एकाच दृश्यात दाखवणारं चित्र; त्याची खरी मजा इथेच आहे. एचडीआरचा बराच आशय १००० निट (निट हे उजेडाचं माप) किंवा त्याहून जास्त उजेड धरून तयार होतो, आणि जेमतेम ३०० निटचा टीव्ही खोक्यावर 'एचडीआर' छापून घेतो. तो सिग्नल ओळखतो, दाखवू मात्र शकत नाही.

तुमच्या खोलीत दोन गरजा एकमेकींशी भांडतात. एलसीडी पॅनेलचे मुख्य प्रकार दोन. बाजूने पाहायला आयपीएस पॅनेल बरं, पण त्याचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण १०००:१. व्हीए पॅनेलचा ३०००:१ किंवा त्याहून अधिक असतो, पण बाजूने रंग फिके पडतात. खिडकीचा उजेड भरपूर असेल तर मिनी-एलईडी घ्या, आणि दुकानात तो बाजूच्या कोनातून मुद्दाम पाहा. रुंद कोनासाठी वेगळा थर असलेली मॉडेल मिळतात. ओएलईडी बाजूने उत्तम दिसतो. मात्र भर उजेडात तो दबतो, आणि एकच बातम्यांची वाहिनी रोज तासन् तास लावून ठेवल्यास तिच्या पट्ट्याची कायमची छाया पडू शकते. पडदे ओढून संध्याकाळीच चित्रपट पाहणाऱ्यांनी मात्र ओएलईडीच घ्यावा, असं आमचं मत.

प्रश्न : गेम कन्सोल आणि साउंडबार दोन्ही जोडायचे आहेत. १२० हर्ट्झ खरंच लागतं का?

उत्तर : कन्सोल असेल तर हो. १२० हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला १२० वेळा ताजं होतं; यालाच रिफ्रेश रेट म्हणतात. चित्रपटालाही उपयोग होतो. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ६० हर्ट्झवर एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवावी लागते, आणि कॅमेरा सावकाश फिरतो तेव्हा चित्र अडखळतं. १२० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम सारखी पाच वेळा येते. 'मोशन रेट २४०' असले जाहिरातीतले आकडे सोडून द्या; पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट तेवढा पाहा.

खरी गोम एचडीएमआयमध्ये आहे. पोर्टवर '२.१' लिहिलं म्हणजे ४के १२० हर्ट्झ चालेलच असं नाही, कारण त्या आवृत्तीतल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत. 'कुठल्या पोर्टवर ४के १२० हर्ट्झ?' असा थेट प्रश्न विचारा. अनेक टीव्हींत चारपैकी दोनच पोर्ट तसे असतात, आणि त्यातलाच एक ई-आर्कचा, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारा. साउंडबार तिथे गेला की कन्सोलला एकच वेगवान पोर्ट उरतो. दोन कन्सोल असतील तर अडचण इथेच येते. स्ट्रीमिंगचा अॅटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा) आवाज बहुधा साध्या आर्कवरूनही, म्हणजे ई-आर्कच्या जुन्या आवृत्तीवरूनही जातो. ब्ल्यू-रेचा अखंड, न दाबलेला आवाज हवा असेल तर ई-आर्क लागतं. केबल 'अल्ट्रा हाय स्पीड' प्रमाणित घ्या. जोडूनही रंग फिके वाटले, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा सिग्नल फॉरमॅट 'एन्हान्स्ड' करा. हे बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : स्मार्ट टीव्हीचे अॅप काही वर्षांत रखडायला लागतात म्हणे. मग कुठली सिस्टीम घ्यावी?

उत्तर : सिस्टीमवर फार डोकं खपवू नका. मेमरी किमान २ जीबी आणि स्टोरेज १६ जीबी असावं. ८ जीबीतली बरीच जागा सिस्टीमच खाते. पुढे अपडेट थांबले तर एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक लावून काम भागतं. पॅनेल मात्र बदलता येत नाही, म्हणून पैसे तिकडे घाला. इंटरनेटसाठी ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय किंवा केबल वापरा. टीव्हीचा केबल पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचाच असतो, पण ४के स्ट्रीमिंगला साधारण १५ ते २५ एमबीपीएस लागतात, त्यामुळे काळजी नको.

प्रश्न : नवा टीव्ही लावला, पण चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो आणि माणसांचे चेहरे लालभडक!

उत्तर : टीव्ही ठीक आहे, सेटिंग दुकानातलं आहे. प्रथम 'स्टोअर मोड' असेल तर 'होम मोड' करा, नाहीतर बदललेलं सेटिंग पुन्हा मूळपदावर येत राहतं. मग पिक्चर मोड 'व्हिविड'वरून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. मोशन स्मूदिंग बंद करा. मध्ये खोट्या फ्रेम घालून तेच चित्र गुळगुळीत करतं. सामन्यांसाठी हवं तर थोडं ठेवा. शार्पनेस कमी करा, नाहीतर कडांभोवती पांढरी रेघ दिसते. कलर टेंपरेचर 'वॉर्म' ठेवा. सुरुवातीला पिवळट वाटेल, आठवडाभरात डोळे रुळतात. सेटिंग बहुधा प्रत्येक इनपुटला आणि एचडीआरला वेगळं साठतं, त्यामुळे हे सगळं तिन्हीचारी ठिकाणी पुन्हा करावं लागेल.

प्रश्न : भिंतीवर बसवताना काय सांभाळायचं?

उत्तर : खोकं उभंच आणा, आडवं नाही. भिंतीला भोक पाडण्याआधी टीव्ही पायांवर उभा करून चालू करा आणि सपाट राखाडी व पांढरा पडदा लावून रेघा, डाग, मेलेले पिक्सेल तपासा. ब्रॅकेट घेताना मागच्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, उदाहरणार्थ ३०० गुणिले ३००. स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या लांबीचेच वापरा. लांब स्क्रू आत घुसून पॅनेल फोडतो. पोकळ विटांच्या भिंतीत साधा प्लॅस्टिक प्लग निखळतो, तिथे पोकळ भिंतीसाठीचे अँकर लागतात. पडद्याचा मध्य जमिनीपासून १०० ते ११० सेंमीवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर ठेवा. आणि टीव्ही टांगायच्या आधीच साउंडबारची केबल लावून घ्या, नंतर मागे हात जात नाही.